पोर्ट केलेलं आरएक्स १००चं इंजिन वर्षानुवर्षं कसं टिकवावं

यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन कागदावर अगदी साधं आहे. ५० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), ९८ सीसी, ७,५०० आरपीएमला ११ बीएचपी. ना पंखा, ना पाणी. समोरून येणारी हवा आणि ब्लॉकवरच्या फिन्स एवढंच कूलिंग. १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या या गाड्यांतली अगदी शेवटचीसुद्धा आता तिशीच्या घरात आहे. तरी कोल्हापूर-सांगलीपासून पुण्या-नाशिकपर्यंत ही गाडी हौसेने पाळली जाते आणि तितक्याच हौसेने तिचं पोर्टिंग केलं जातं, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या खिडक्या (पोर्ट) कापून मोठ्या केल्या जातात. पोर्टिंग करून देणारे पुष्कळ आहेत. ते झाल्यावर पुढची आठ-दहा वर्षं इंजिन कसं सांभाळायचं, हे नीट सांगणारे कमी आहेत. म्हणून हा लेख.

पोर्टिंगने नेमकं काय बदलतं ते आधी पाहू. एक्झॉस्ट पोर्ट वर घेतला, ट्रान्स्फर (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये मिश्रण नेणारे पोर्ट) मोकळे केले, एक्स्पान्शन चेंबर (फुगीर पोटाचा सायलेन्सर) लावला, की ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि चालवणारा तिकडेच जातो. ७,५०० ऐवजी १०,००० आरपीएम झाले तर वेग वाढतो एक-तृतीयांश. पण पिस्टन वर-खाली फेकला जाताना रॉड, त्याला पिस्टनशी जोडणारी पिन आणि बेअरिंग यांवर येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होतो. उष्णताही वाढते, आणि ती बाहेर टाकणाऱ्या फिन्स मात्र तेवढ्याच राहतात. त्यामुळे स्टॉक गाडीचं सर्व्हिसचं वेळापत्रक या इंजिनाला लागू पडत नाही. ते आपल्याला नव्याने ठरवावं लागतं, आणि मोजमाप असल्याशिवाय ठरवता येत नाही.

पायरी १ : वही आणि मोजमाप

इंजिन नुकतं बांधलेलं असो वा जुनं विकत घेतलेलं, एकदा हेड आणि ब्लॉक काढून आकडे घ्या. बोअरिंगवाल्याकडे बोअर गेज असतोच. त्याला स्लीव्ह (ब्लॉकमधली लोखंडी नळी, जिच्यात पिस्टन चालतो) तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजायला सांगा : पिनच्या दिशेने आणि तिला काटकोनात. सहाही आकडे लिहून घ्या. पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा तो स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) तळापासून साधारण १० मिमी वर, पिनला काटकोनात. बोअर आणि पिस्टनमधला फरक म्हणजे क्लिअरन्स. पोर्ट केलेल्या एअरकूल्ड इंजिनात मी तो ०.०४ ते ०.०५ मिमी ठेवतो. ०.१० झाला की बोअरची वेळ आली समजा. वरच्या आणि खालच्या बोअरमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल, तर नुसत्या रिंगा बदलून काही उपयोग नाही.

याच वेळी ब्लॉकच्या वरच्या कडेपासून एक्झॉस्ट पोर्टची उंची व्हर्नियरने मोजा. पोर्टची रुंदीही मोजा : सरळ रेषेत, कडेपासून कडेपर्यंत. ५० मिमी बोअरला ३२ मिमीच्या आसपास, म्हणजे बोअरच्या ६५ टक्क्यांपर्यंत रुंदी ठीक आहे. त्यापुढे रिंग प्रत्येक फेऱ्याला पोर्टमध्ये फुगते आणि तिच्या कडा घासतात. पोर्ट ७० टक्क्यांकडे गेलेला असेल, तर त्या इंजिनाच्या रिंगा लवकर जाणार हे धरूनच वेळापत्रक आखा. मेन जेटचा (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकाचा) नंबर, नीडलची क्लिप कितव्या खाचेत आहे, प्लगचा नंबर, इग्निशनचं टायमिंग, बेस पॅकिंगची (ब्लॉकखालच्या पॅकिंगची) जाडी हे सगळं त्याच पानावर लिहा. बेस पॅकिंग जाड किंवा पातळ बदललं की पोर्टचं टायमिंग आणि स्क्विश (पिस्टन वर असताना त्याची कड आणि हेड यांतली फट) दोन्ही बदलतात. गॅरेजात हे फार कमी जण लिहून ठेवतात.

पायरी २ : झिजेचा क्रम ओळखा

या इंजिनात भाग साधारण ठरलेल्या क्रमाने झिजतात. आधी रिंगा, मग पिस्टनचा स्कर्ट, मग रॉडच्या छोट्या (पिस्टनकडच्या) टोकाचं नीडल बेअरिंग आणि पिन, मग क्रँकची ऑइल सीलं, शेवटी बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग. रस्त्यावर रोज चालणाऱ्या, पण मोकळ्या रस्त्यावर ओढल्या जाणाऱ्या इंजिनासाठी माझा हिशेब असा आहे : दर ५ ते ६ हजार किमीला हेड-ब्लॉक उघडून कार्बन साफ आणि रिंगांचा गॅप तपासायचा, १० ते १२ हजारांच्या आत पिस्टन आणि छोटं बेअरिंग बदलायचं, ते चांगले दिसत असले तरी. स्कर्ट कापलेला किंवा खिडक्या पाडलेला पिस्टन असेल तर आणखी आधी. असा पिस्टन बोअरमध्ये जास्त डोलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तडकतो. डर्ट ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला किलोमीटर लागू नाहीत, तिथे तास मोजा.

पायरी ३ : हवेची गळती

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला देतो, कारण पोर्ट केलेली बहुतेक इंजिनं इथेच मरतात. टू-स्ट्रोकचं क्रँककेस हा पंप आहे. त्यात कुठूनही जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि चिकटतो. मग नवीन पिस्टन टाकला जातो, गळती तशीच राहते आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

तपासणीसाठी महागडं यंत्र लागत नाही. डॉक्टरांचं रक्तदाब मोजायचं काट्याचं उपकरण घ्या, त्यातला फुगा आणि घड्याळ पुरेसं आहे. कार्ब्युरेटर काढा आणि त्याच्या रबरात घट्ट बसणारं बूच घाला. बुचाला भोक पाडून त्यात थेट नळी चिकटवा. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचं तोंड जाड रबर आणि लोखंडी पट्टीने बंद करा. ऑइल पंपाची नळी चिमट्याने दाबा. प्लग घट्ट ठेवा. किकने पिस्टन खालच्या टोकाला आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि सिलिंडर व क्रँककेस एकत्र तपासले जातात.

आता हळूहळू फुगा दाबून काटा २५० वर आणा. त्यापुढे जाऊ नका, जास्त दाबाने सीलच जागेवरून सरकतं. पाच मिनिटं थांबा. काटा मिनिटाला ५० ने उतरत असेल तर गळती नक्की आहे. मी स्वतः पूर्ण पाच मिनिटांत ५० पेक्षा जास्त उतार चालवून घेत नाही.

काटा उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत चला. आधी आपली बुचं तपासा, निम्म्या वेळा गळती तिथेच असते. मग हेड, बेस पॅकिंग, रीड ब्लॉकची (मिश्रण फक्त आत जाऊ देणाऱ्या पत्त्यांच्या झडपेची) कड, कार्ब्युरेटरच्या रबरातल्या चिरा आणि क्रँककेसचा मधला जोड. डावीकडचं मॅग्नेटचं कव्हर काढून फ्लायव्हीलच्या मागे साबण सोडा. बुडबुडे आले तर डावं सील गेलं. उजव्या सीलसाठी गिअर ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर साबणाचा पडदा धरा. पडदा फुगू लागला तर हवा क्लचच्या बाजूला जाते आहे.

ही दोन सीलं वेगवेगळी लक्षणं दाखवतात. डावं सील कोरडं, त्यातून बाहेरची हवा येते. थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, आयडल वर-खाली होतं, प्लग पांढरट दिसतो. उजवं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं : न थांबणारा पांढरा धूर, तेलकट प्लग आणि मापाने कमी भरणारं गिअर ऑइल. पहिलं लक्षण जास्त घातक आहे, कारण पातळ मिश्रणावर गाडी काही दिवस नेहमीपेक्षा छान धावते आणि मालक खूश असतो. दोन्ही सीलं एकदमच बदला. ही तपासणी दरवेळी ब्लॉक उघडून बसवल्यावर आणि वर्षातून एकदा तशीही करा.

रीडच्या पत्त्या याच वेळी काढून उजेडात धरा. पत्ती आणि बैठकीमधून ०.३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली, किंवा टोकाला चीर आली, तर बदला. स्टीलची पत्ती तुटली तर तुकडा थेट आत जातो. फायबरची कडेने झिरझिरते आणि आधी सूचना देते.

पायरी ४ : जेटिंग, ऋतू आणि घाट

मेन जेट एकदा बसवला की झालं, असं या इंजिनात नसतं. दुपारच्या ३५ अंशांत बरोबर बसलेला जेट डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत पातळ पडतो, कारण तेवढ्या फरकाने हवा आठ-नऊ टक्के घट्ट होते. उंचीचंही तसंच. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तिथे जुळवलेली गाडी ताम्हिणी उतरून कोकणात नेली की हवा पाच-सहा टक्के दाट मिळते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर फरक बारा-चौदा टक्क्यांचा असतो. म्हणून जेट नेहमी सगळ्यात थंड आणि सगळ्यात खालच्या ठिकाणासाठी निवडा. वर चढल्यावर गाडी थोडी जड वाटेल. तेवढं सोसा, पिस्टन वाचतो.

पेट्रोलही बदललं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते. साध्या पेट्रोलला एका भागास साधारण १४.७ भाग हवा, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. त्यामुळे जुन्याच जेटवर इंजिन सात-आठ टक्के पातळ चालतं. स्टॉक गाडी ते पचवते. पोर्ट केलेल्या गाडीत पायलट (कमी थ्रॉटलचा जेट) आणि मेन दोन्ही एक-दोन नंबरांनी वाढवून पुन्हा प्लग वाचा. शिवाय फ्लोटची पिन, जुन्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचं रबर या पेट्रोलात फुगतात किंवा कडक होतात. हे सगळं वर्षाआड बदलायचंच आहे असं धरा.

प्लग वाचायचा तर नवीन प्लग लावा, सुरक्षित मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद ओढा, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करा आणि जागीच प्लग काढा. टोकाचा रंग पाहून फसू नका. पोर्सेलीनच्या मुळाशी, आत खोल, तपकिरी कडं दिसलं पाहिजे. तिथे कडं नसेल आणि सगळं पांढरंशुभ्र असेल तर जेट वाढवा. पोर्सेलीनवर चमकणारे बारीक चंदेरी ठिपके दिसले, तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच थांबवा. प्लगच्या नंबरांचाही गोंधळ होतो : एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. पोर्टिंगनंतर एक पायरी थंड प्लग योग्य असतो, पण थंड प्लगने पातळ मिश्रण बरं होत नाही.

नीडल आणि नीडल जेट एकमेकांवर घासून झिजतात. गाडी मधल्या थ्रॉटलला हळूहळू जड होऊ लागली, मायलेज घसरलं आणि मेन जेट तोच असला, तर ही जोडी बदला. मेन जेट कमी करण्याचा सल्ला मिळेल, तो मानू नका.

पायरी ५ : तेल

एअरकूल्ड टू-स्ट्रोकसाठी डब्यावर जासो एफडी (तेलाच्या प्रतीची जपानी खूण) लिहिलेलं तेल घ्या. बोटींच्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू३ तेल पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनांसाठी असतं, इथे ते टिकत नाही. ऑइल पंप चालू असेल तर तो काढू नका. केबलची खूण जुळते का, नळीत हवेचा बुडबुडा आहे का, हे दर महिन्याला पाहा. पंप काढून टाकलेला असेल तर मी १:३० प्रमाण धरतो, म्हणजे लिटरला ३३ मिली. तेल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण किंचित पातळ होतं. म्हणून प्रमाण बदललं तर जेटही पुन्हा तपासा. अंदाजाने झाकणभर तेल ओतण्यापेक्षा औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणा.

गिअरचं तेल वेगळं. क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून जासो एमए खूण असलेलं मोटरसायकलचंच तेल हवं. दर दोन हजार किमीला बदला. काढताना मापून पाहा, कमी भरलं तर उजव्या सीलकडे बोट दाखवतं.

एअर फिल्टर काढून नुसती जाळी लावणं म्हणजे धूळ थेट बेअरिंगांत पाठवणं. ओल्या फोमचा फिल्टर लावा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवा.

पायरी ६ : ब्लॉक उघडल्यावर

इंजिन पूर्ण थंड असतानाच हेडचे नट आडवे-तिरपे, थोडेथोडे सैल करा. पिस्टन हातात आला की पुसण्याआधी नीट बघा, त्यावर गेल्या काही हजार किलोमीटरचा इतिहास असतो. वरचा भाग सारखा तपकिरी आणि ट्रान्स्फरसमोर थोडा स्वच्छ असेल तर उत्तम. एक्झॉस्टच्या बाजूची कड वाळूने टोचल्यासारखी दिसली तर डिटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट) चालू होतं : टायमिंग पुढे आहे, स्क्विश चुकलं आहे किंवा मिश्रण पातळ आहे. स्कर्टवर चार ठिकाणी उभे ओरखडे म्हणजे थंड इंजिन तापायच्या आत ओढलं. फक्त एक्झॉस्टकडे ओरखडे म्हणजे उष्णता किंवा तेल कमी. रिंगांखाली काळेपणा उतरलेला असेल तर रिंगा दाब धरत नाहीत. पिन निळी पडली असेल तर छोटं बेअरिंग आणि पिन दोन्ही टाकून द्या.

कार्बन लाकडी किंवा पितळी पट्टीने काढा. रिंगांची खाच साफ करायला जुनी रिंग मोडून तिचंच टोक वापरा. एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरचा आतला भाग विसरू नका. कॉस्टिक सोडा फक्त लोखंडी सायलेन्सरला, आणि तोही हातमोजे-चष्मा घालून, उघड्यावर. ॲल्युमिनियमला तो खातो.

नवी रिंग बोअरमध्ये एकटी घालून पिस्टनने सरळ ढकला आणि गॅप फीलर गेजने मोजा. ०.१५ ते ०.३० मिमी ठीक, ०.५० च्या पुढे गेलेली रिंग बदला. बोअर करायची वेळ आली तर ०.२५ च्या पायरीनेच चढा, पुढच्या बोअरसाठी स्लीव्हमध्ये जीव राहतो. आधी पिस्टन विकत घ्या, तो मोजा, मग त्याच्या मापाने बोअर करून घ्या. बाजारातल्या पिस्टनांची मापं डब्यागणिक बदलतात. बोअर झाल्यावर पोर्टच्या सगळ्या कडा बारीक पॉलिश कागदाने गोल मारल्याच पाहिजेत. धारदार कडेत रिंग अडकते आणि पहिल्याच दिवशी मोडते. काम देताना हे स्पष्ट सांगा, कारण बोअरिंगवाला ते आपणहून करेलच असं नाही.

बसवताना पिस्टनचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगेवरची खूण वर. रिंगेची खीळ कुठल्याही पोर्टसमोर येता कामा नये. दुसऱ्या गाडीचा पिस्टन वापरला असेल तर हे फिरवून खात्री करा. सर्क्लिप प्रत्येक वेळी नव्या, तोंड वर किंवा खाली. हेड कसण्याआधी पिस्टनवर पिनच्या दिशेने, दोन्ही बाजूंना सोल्डरची तार ग्रीसने चिकटवा, हेड बसवून किकने एकदा फिरवा आणि दबलेल्या टोकाची जाडी मोजा. १ मिमीच्या आसपास हवी. ०.८ च्या खाली जाऊ नका. वरच्या आरपीएमला रॉड ताणला जातो आणि पिस्टन हेडला लागू शकतो.

नव्या पिस्टनला पहिले ५०० किमी सबुरीने चालवा. एकाच वेगाने रेटू नका. थ्रॉटल अर्ध्यापर्यंत, सारखा बदलता. इंजिन पहिल्यांदा तापून गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासा.

पायरी ७ : चालवताना

किक मारली की मिनिटभर थांबा, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या हाताने. पिस्टन ब्लॉकपेक्षा लवकर तापतो आणि फुगतो. ट्रॅफिकमध्ये पाच मिनिटं थांबायची वेळ आली तर इंजिन बंद करा. फिन्समधला चिखल आणि तेलकट थर ब्रशने काढा, त्यावर जाड चकचकीत रंग मारू नका.

घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद आणि गिअरमध्ये आरपीएम वर, ही स्थिती फार वाईट. पेट्रोलात तेल मिसळत असाल तर पेट्रोलबरोबर तेलही बंद होतं. पंप असला तरी थ्रॉटल बंद असताना तो अगदी थोडं देतो. अधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्या, वेग ब्रेकने आवरा.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. मोकळा सायलेन्सर ट्रॅकसाठी ठेवा. रस्त्यावर बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) असलेला लावा आणि जेटिंग त्याला धरून करा.

पायरी ८ : क्रँक

ब्लॉक उघडला असेल तेव्हा रॉड सरळ वर धरून वर-खाली ओढून पाहा. इथे खेळ शून्य हवा; टक् असं जरा जरी जाणवलं तर बिग एंड गेला. रॉडचं वरचं टोक बाजूला हलवलं तर मिमीभर हलणं साहजिक आहे, २ मिमी झालं की क्रँक उघडा. चालत्या गाडीत ओझ्याखाली येणारी खोल खडखड बिग एंडची, गार असताना येऊन तापल्यावर कमी होणारा टाळीसारखा आवाज पिस्टनचा.

क्रँक प्रेसवर उघडून नवा रॉड किट बसवला की डायल गेजवर फिरवून रनआउट (क्रँक फिरताना किती डोलतो ते) पाहिल्याशिवाय घरी आणू नका. ०.०३ मिमीच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर नव्या बेअरिंगांची आणि सीलांची झीज पहिल्या दिवसापासून सुरू होते. मेन बेअरिंग जुन्यावर जी खूण असेल त्याच खुणेचं घ्या, आणि सीलं चांगल्या प्रतीची.

पायरी ९ : पावसाळ्यात उभी ठेवताना

इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि त्यात टू-स्ट्रोक तेल जवळजवळ नसतं. कॉक उघडून किक मारली की आधी तोच थर आत जातो. म्हणून महिन्याहून जास्त उभी ठेवायची असेल तर टाकी आणि फ्लोट बाउल पूर्ण रिकामे करा. प्लगच्या भोकातून १० मिली टू-स्ट्रोक तेल सोडून किक हाताने दोन-चार वेळा फिरवा, एक्झॉस्टचं तोंड तेलात बुडवलेल्या कापडाने बंद करा आणि हँडलला चिठ्ठी बांधा. बाहेर काढताना कापड काढा, ताजं पेट्रोल भरा, आणि किक मारायच्या आधी गळतीची तपासणी एकदा करून काटा वहीत लिहा. सीलं कडक होतात ती बहुधा या उभ्या राहण्याच्या काळातच.